आधी पगार, मग पदार्थ

युरोपच्या प्रवासाला निघालेल्या सोलापूरकराच्या सामानात कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा डबा बहुधा असतोच. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरी जाणाऱ्या जपानी पाहुण्याला मात्र अशी शिदोरी न्यावी लागत नाही. तेथील इमरमान रस्त्याच्या परिसरात जपानी भोजनगृहे आणि जपानी वाणसामानाची दुकाने जवळजवळ थाटलेली आहेत. या फरकाचे कारण जिभेच्या आवडीनिवडीत शोधणे व्यर्थ होय. ते अर्थव्यवहारात आहे.

१९५० च्या दशकापासून जपानी कंपन्यांनी या औद्योगिक टापूतील पोलाद, यंत्रे व रसायने यांच्या व्यापारासाठी ड्युसेलडॉर्फमध्ये कचेऱ्या उघडल्या. कर्मचारी सहकुटुंब आले. त्यांच्या मुलांसाठी १९७१ मध्ये शाळा निघाली. नियमित पगाराचे गिऱ्हाईक रोज दाराशी येऊ लागले, तेव्हा भात आणि मासळी वाढणाऱ्याचा धंदा तगला. २०१३ मध्ये युनेस्कोने जपानी आहारपरंपरेला वारसा म्हणून मान्यता दिली, ती कितीतरी नंतर. आधी पगार गेला, मागाहून पदार्थ गेला.

सोलापूरला हा क्रम अपरिचित नाही. तेलंगणातील पद्मशाली विणकर मागावरच्या कामासाठी येथे आले आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावले. त्यांच्यामागून त्यांची भाषा आली, मार्कंडेयाचा रथोत्सव आला, त्यांच्या घरची चवही आली. आज प्रवाह उलटा आहे. सोलापूरची शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जातात आणि कडक भाकरी त्यांच्या मागोमाग जाते. ती दिवसचे दिवस टिकते, तिला शीतपेटी लागत नाही. दूरच्या बाजारास याहून सोयीचा पदार्थ क्वचितच सापडेल.

गौरवाचीही उणीव नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. परंतु मानांकनाने नाव राखले जाते, मजुरी वाढतेच असे नाही. नगावर मजुरी घेऊन चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या बाईच्या पदरात वाढलेल्या किमतीतले काय पडते, हा प्रश्न समारंभांत विचारला जात नाही. मोठा व्यापारी वेष्टन चढवून तीच भाकरी परदेशी पाठवील आणि बाईचा दर होता तेथेच राहील, ही भीती अनाठायी नव्हे.

म्हणून थापणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्था उभ्या राहणे, त्यांना रास्त व्याजाने भांडवल मिळणे आणि विक्रीचा हिशेब त्यांच्याच हाती असणे अगत्याचे आहे. उद्या एखाद्या युरोपीय शहरात सोलापुरी भाकरी दुकानात मिळू लागली, तर प्रवाशाची सोय होईल. त्या भाकरीच्या किमतीतला रास्त वाटा सोलापुरात परत आला, तरच तिला या शहराचा उद्योग म्हणता येईल.