हद्दपारांची साक्ष

नाझी छळातून वाचलेल्या ज्यूंनी उतारवयात नोंदवलेल्या आठवणी म्हणजे फॅसिझमविरुद्धची लेखी साक्ष होय. या साक्षीतील एक पान बंगळूरचे आहे, याचे स्मरण आपल्याकडे क्वचितच केले जाते.

पुंजयामिकीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले मॅक्स बोर्न ज्यू कुळात जन्मले. हिटलर सत्तेवर येताच, एप्रिल १९३३ मध्ये, गॉटिंगेन विद्यापीठातील अध्यापनातून त्यांना दूर करण्यात आले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. परंतु वंशाचा हिशेब मांडणाऱ्या राजवटीला त्याची पर्वा नव्हती. साठ लाख ज्यूंची कत्तल पुढे घडली. आधी कायदा आला, याद्या झाल्या, नोकऱ्या गेल्या.

१९३५ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बोर्न बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सहा महिन्यांसाठी आले. त्यांना तेथे कायमचे पद द्यावे, असा रामन यांचा आग्रह होता. तेव्हा एका इंग्रज प्राध्यापकाने भर सभेत, स्वदेशातून हाकलून दिलेला हा दुय्यम दर्जाचा परकीय आपल्याला नको, अशा अर्थाचे उद्गार काढले. घरी परतल्यावर आपल्याला रडू आवरले नाही, असे बोर्न यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. परतंत्र देशात सत्ताधारी परकीयाने निराश्रित परकीयाला परका ठरवावे, यातच साम्राज्यशाहीचे खरे रूप उघड होते. त्या शहराचे नुकसान मात्र त्यांच्या भाच्याने काही अंशी भरून काढले. नाझींनी नोकरीतून काढलेले ओटो कोनिग्सबर्गर १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानाचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. पुढे भुवनेश्वरचा आराखडाही त्यांनीच केला.

बोर्न यांनी अणुबाँबच्या कामात भाग घेतला नाही. १९५४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाल्यावर, १९५५ च्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. निवृत्तीनंतर ते जर्मनीत परतले, हे आइन्स्टाइन यांना रुचले नव्हते. पण तेथेच, १९५७ मध्ये, पश्चिम जर्मन सैन्याच्या अण्वस्त्रसज्जतेला विरोध करणाऱ्या अठरा शास्त्रज्ञांत ते होते. स्वतःच्या छळाच्या आठवणीतून त्यांनी सूड मागितला नाही, जबाबदारी स्वीकारली.

ते साक्षीदार आता हयात नाहीत. मात्र जन्म, धर्म वा भाषा पाहून शेजाऱ्याला परका ठरवणारी वृत्ती संपलेली नाही. पोटासाठी परमुलखात गेलेल्या कष्टकऱ्यांना तिचे चटके आजही बसतात. अशी पहिली यादी निघते तेव्हाच तिला विरोध केला पाहिजे, हीच या साक्षीची शिकवण आहे.