पिक्सेल मोजायचे की पाठ तपासायचा?

घरी चित्रपटांचा संग्रह करणाऱ्या माणसाला हल्ली एकच प्रश्न विचारला जातो : तुमच्याकडचे चित्रपट कशात आहेत? डीव्हीडी म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर कणव उमटते, ब्लू-रे म्हटले की सहानुभूती, आणि फोर-के म्हटले की आदर. कोणते चित्रपट, कोणत्या प्रती, कोणी काढलेल्या, हे विचारणारा विरळा. जणू एखाद्याच्या घरची ग्रंथसंपदा पाहावी आणि ग्रंथांची नावे न वाचता फक्त कागदाचे वजन विचारावे. या क्रमवारीलाच आमचा आक्षेप आहे, आणि तो आम्ही तंत्रज्ञ म्हणून नव्हे, वाङ्मयाचे अध्यापक म्हणून घेत आहोत.

निमित्त तसे साधे. आमच्या माहितीतल्या एका महाविद्यालयात ग्रंथालयाच्या कपाटातल्या सगळ्या डीव्हीडी जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखित कराव्यात, असा प्रस्ताव आला. कारणाच्या रकान्यात लिहिले होते : 'कालबाह्य स्वरूप, कमी रेझोल्यूशन'. आम्ही हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळाले, "अहो सर, आता सगळं फोर-केमध्ये मिळतं की!" या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. 'सगळे मिळते' हा पहिला आणि 'फोर-के म्हणजे अधिक चांगली प्रत' हा दुसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करू.

आकड्यांना आम्ही घाबरत नाही. व्हीसीडीवरच्या चित्रात ३५२ गुणिले २८८ बिंदू असत. युरोपीय पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६, म्हणजे व्हीसीडीच्या सुमारे चौपट. २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे त्या डीव्हीडीच्या बरोबर पाचपट. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर, ज्याला सगळे फोर-के म्हणतात, ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ब्लू-रेच्या चौपट आणि डीव्हीडीच्या वीसपट. दुकानदार हा 'वीसपट' शब्द फार प्रेमाने उच्चारतो. पण बिंदू तबकडीवर असणे आणि डोळ्याला दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखू शकतो. त्रेचाळीस इंची दूरदर्शन संच घ्या. त्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. त्यावर ब्लू-रेचे बिंदू सुटे दिसायचे, तर प्रेक्षकाने जेमतेम साडेपाच फुटांवर बसायला हवे. त्याहून मागे गेला की ब्लू-रेच्या पुढचा प्रत्येक बिंदू त्याच्यासाठी असून नसल्यासारखा. आपल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात कोच भिंतीला टेकलेला असतो आणि संच समोरच्या भिंतीवर. मध्ये आठ-दहा फूट आणि एक टीपॉय. इतक्या अंतरावरून या संचावर फोर-के बिंदूंचा फरक पाहिल्याचे जो सांगतो, तो डोळ्यांनी पाहत नसून पावतीने पाहत असतो. उलट वर्गात प्रोजेक्टरने आठ फूट रुंद पडद्यावर चित्र टाकले, तर चौदा फुटांच्या आत बसलेल्यांना ब्लू-रेचेही बिंदू जाणवू शकतात, आणि डीव्हीडीचा धूसरपणा तर पार मागच्या बाकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे रेझोल्यूशनची निवड खोलीवर ठरते, प्रतिष्ठेवर नव्हे. फोर-के तबकडीवर उजेड-अंधाराची आणि रंगांची श्रेणी अधिक विस्तृत असू शकते, हा लाभ खरा आहे आणि तो दुरूनही दिसतो. पण तो रेझोल्यूशनचा नव्हे, आणि तो दाखवू शकणारा संच सर्वांकडे असतो असेही नाही.

हे झाले पाहणाऱ्याचे. आता मूळ चित्राकडे येऊ. डॅनी बॉइल यांच्या '२८ डेज लेटर' (२००२) या चित्रपटाचा बराचसा भाग साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर, म्हणजे जवळपास डीव्हीडीच्याच मापाने, चित्रित झाला. त्याचा खरखरीतपणा हाच त्याचा आशय. त्यातल्या बिंदूंना कितीही गुणले तरी मुळात नसलेला तपशील येणार कुठून? तसेच, या शतकाच्या पहिल्या दशकातल्या कितीतरी चित्रपटांचे अंतिम संस्करण संगणकावर दोन हजार बिंदूंच्या रुंदीनेच झाले; त्यांची फोर-के तबकडी म्हणजे लहान टायपातले पान मोठे करून छापणे. अक्षर मोठे होते, मजकूर वाढत नाही. याउलट पस्तीस मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीला न पेलणारा तपशील निश्चित असतो. तिथे मोठ्या मापाची तबकडी घेणे शहाणपणाचेच. तेव्हा प्रश्न 'कोणते माप श्रेष्ठ' हा नसून 'या चित्रपटाला कोणते माप न्याय देते' हा आहे.

पण आमचा मुख्य मुद्दा याच्याही पलीकडचा आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला आम्ही पहिल्याच वर्षी सांगतो, की ज्ञानेश्वरी म्हणजे हातात पडेल ती पोथी नव्हे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचे शुद्धीकरण केले, याचा अर्थ त्याआधीच पाठात भेसळ झाली होती. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली प्रत छापली आणि ती एकनाथपूर्व असल्याचा दावा मांडला, तेव्हा वाद झाला तो कोणत्या ओव्या आणि कोणती रूपे जुनी, यावर. शाई किती काळी आहे यावर नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९१९ ते १९६६ एवढा काळ खर्च केला तो याच प्रश्नापायी. हा संस्कार घेतलेली माणसे चित्रपटाच्या तबकडीसमोर आली की मात्र एकाएकी पाठचिकित्सा विसरतात आणि डब्यावरचा आकडा वाचू लागतात, याचे आम्हाला नवल वाटते.

चित्रपटालाही पाठभेद असतात. विल्यम फ्रीडकिन यांचा 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) घ्या. २००९ मध्ये त्याची ब्लू-रे आली. बिंदू डीव्हीडीपेक्षा कितीतरी अधिक. पण दिग्दर्शकाने रंग पालटून टाकले होते. छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी त्याविरुद्ध जाहीर नापसंती व्यक्त केली, आणि २०१२ मध्ये रंग पुन्हा सुधारून नवी ब्लू-रे काढावी लागली. म्हणजे एकाच मापाच्या दोन तबकड्या आणि दोन पाठ. पुढे २०२३ मध्ये प्रेक्षकांच्या ध्यानात आले, की ऑनलाइन दाखवल्या जाणाऱ्या या चित्रपटातून वर्णद्वेषी शब्द असलेला काही सेकंदांचा भाग गुपचूप गाळलेला आहे. तो शब्द त्या पोलिसाच्या व्यक्तिरेखेचा भाग होता. तो असावा की नसावा यावर चर्चा जरूर करता येईल, पण चर्चेसाठी आधी तो जागेवर असायला हवा. ज्याच्या कपाटात जुनी डीव्हीडी होती, त्याच्याकडे तो होता.

'स्टार वॉर्स'ची (१९७७) कथा तर याहून बोलकी. जॉर्ज ल्यूकस यांनी १९९७ पासून त्यात वारंवार फेरफार केले. २०११ च्या ब्लू-रेवर आणि २०२० च्या फोर-के तबकडीवर आहे तो पालटलेला पाठ. १९७७ साली प्रेक्षकांनी पाहिलेला पाठ डीव्हीडीच्या रूपात अधिकृतपणे मिळाला तो २००६ मध्ये, जोडतबकडी म्हणून, आणि तोही जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून. रेझोल्यूशनच्या न्यायाने ती तबकडी रद्दीत जाईल. चित्रपटाच्या इतिहासाच्या न्यायाने तिजोरीत.

आणि जिथे पाठ पालटलेला नसतो, तिथे पृष्ठभाग घासून पुसून काढलेला असतो. फिल्मचा रवाळपणा म्हणजे दोष, असे मानून तो यंत्राने काढण्याची खोड जुनी आहे. 'प्रिडेटर'च्या २०१० च्या ब्लू-रेवरील चेहरे मेणाचे झाले, ही ओरड प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांच्या 'ट्रू लाइज'च्या फोर-के तबकडीवर हीच टीका झाली. रवा काढताना त्वचेची पोत, कापडाची वीण, पावसाचे थेंबही जातात. आर्ष रूपे 'सोपी' करून छापलेल्या संतवाङ्मयाच्या आवृत्त्या आम्ही ज्या कारणासाठी वर्गात नाकारतो, त्याच कारणासाठी या गुळगुळीत तबकड्याही नाकारायला हव्यात.

आता आमच्याच गोटातल्या मंडळींकडे वळतो. 'आशय महत्त्वाचा, चित्र कसेही असो' असे म्हणणारे सहकारी आम्हाला कमी नाहीत. त्यांना हा लेख आपल्या बाजूचा वाटू लागला असेल, तर तसा तो नाही. वर्गात 'संत तुकाराम' (१९३६) दाखवताना जवळपास चौरस चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवले, की प्रत्येक आकृती तेहेतीस टक्क्यांनी फुगते; विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा लठ्ठ होतात, आणि कोणाला खुपत नाही. ताणण्याऐवजी वरखाली कापून बसवले, तर चित्राचा चौथा हिस्सा जातो. प्रत्येक कडव्यातली चौथी ओळ गाळून कविता शिकवण्यासारखेच हे. युरोपीय पद्धतीच्या डीव्हीडींत चोवीस चौकटींचा सेकंद पंचविसांवर पळवलेला असतो. त्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो आणि आवाज दुरुस्त केलेला नसेल तर स्वर चढतो. ब्लू-रेवर चोवीसची मूळ गती ठेवता येते. संगीत आणि संवादाची लय ज्याला कळते, त्याने ब्लू-रे घ्यावी ती यासाठी. 'चित्र कसेही' म्हणणे हा आशयवाद नव्हे, निव्वळ आळस आहे.

राहिला 'सगळे मिळते' हा गैरसमज. ऑनलाइन फोर-के पाहण्यासाठी नेटफ्लिक्स सेकंदाला पंधरा मेगाबिटची जोडणी पुरेशी मानते. साध्या ब्लू-रेवर केवळ चित्रासाठी चाळीसपर्यंत मुभा असते. म्हणजे 'फोर-के' ही पाटी लावलेल्या प्रवाहात ब्लू-रेपेक्षा कमी माहिती असू शकते. शिवाय आज दिसणारा चित्रपट उद्या काढून घेतला जातो, आणि पाठ पालटल्याचे कोणी कळवत नाही. तबकडी निदान स्वतःला गुपचूप दुरुस्त करत नाही.

आपल्याकडे तर ही चैन परवडणारीच नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसह अनेक जुन्या चित्रपटांचे मूळ साहित्य नष्ट झाले. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'च्या निगेटिव्हलाही १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीची झळ बसली होती. उरलेल्या जळक्या फिती बोलोन्यात मऊ करून, जिथे त्या नव्हत्या तिथे इतर प्रती वापरून, २०१५ मध्ये तो चित्रपट पुन्हा उभा राहिला. त्याची ब्लू-रे जुन्या डीव्हीडीहून नि:संशय श्रेष्ठ आहे. पण ते श्रेय आधी त्या हातांचे आणि मग तबकडीच्या मापाचे. जिथे असे हात लागलेले नाहीत, तिथे जुन्या मराठी चित्रपटाची घरातली धूसर व्हीसीडी किंवा डीव्हीडी हीच आपली पोथी आहे. पोथी फाटकी आहे म्हणून ती नदीत सोडण्याचा सल्ला कोणताही संशोधक देणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. घरच्या संग्रहासाठी सर्वसाधारणपणे ब्लू-रे पुरे. मात्र तिचा पाठ कोणता, हे आधी विचारा. फोर-के घ्या ती खऱ्या फोर-के स्कॅनवरून काढलेली असेल आणि तुमची खोली व पडदा तिला पेलत असतील तेव्हाच. डीव्हीडी काढून टाकण्यापूर्वी तिच्यातला पाठ, लांबी, चौकटीचे प्रमाण, रंग आणि ध्वनी नव्या प्रतीत जसेच्या तसे आहेत का, ते ताडून पाहा. नसतील तर दोन्ही ठेवा. आणि प्रत्येक तबकडीसोबत हस्तलिखिताला करतात तसे प्रतवर्णन लिहून ठेवा : प्रकाशन कोणाचे, कोणत्या साली, लांबी किती मिनिटे, चौकट कोणती, काय गाळले आहे.

त्या महाविद्यालयातला प्रस्ताव हा लेख लिहीपर्यंत मंजूर झालेला नाही. कारणाच्या रकान्यात 'कमी रेझोल्यूशन' लिहिणाऱ्यांना आमची विनंती एवढीच आहे, की सही करण्यापूर्वी त्यांनी कपाटातल्या प्रत्येक तबकडीपुढे तिचा पर्यायी पाठ कुठे उपलब्ध आहे, हेही लिहावे. जिच्यापुढचा रकाना कोरा राहील, ती तबकडी कपाटातच राहू द्यावी.