सोसण्याचे श्रेय

सुरतेहून निघून ओलपाड तालुक्यात शिरले म्हणजे सरस हे गाव लागते. महादेव देसाई यांचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजी या गावी झाला, आणि मृत्यू १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, सरकारचे स्थानबद्ध म्हणून, अटकेनंतर अवघ्या सहा दिवसांनी झाला. ताप्ती लाईनने खानदेशातून येऊन सुरतेत घरे केलेल्या आमच्यासारख्या मराठी माणसांना हे दुःख परके वाटू नये; पाळणा इकडे हलला असला तरी चिता तिकडे, पुण्यात, पेटली. पुढील सारा वाद मी या एका मृत्यूच्या साक्षीने मांडणार आहे.

वाद उपस्थित झाला तो असा. गेल्या पावसाळ्यात एका विद्वान स्नेह्यांच्या घरी झोपाळ्यावर बसून बोलणे चालले असता महायुद्धातील छळछावण्यांचा विषय निघाला, आणि त्यांनी निकाल वाचून दाखवावा अशा स्वरात सांगितले की, अशा ठिकाणी जे तगले ते मनाचे खंबीर म्हणून तगले. ज्याच्या जीवनाला काही हेतू होता त्याला छळ मोडू शकला नाही, आणि जे खचले ते मुळातच कच्चे होते. याला त्यांनी दोन पुरवण्या जोडल्या: पहिली, तुरुंग ही थोरांची शाळाच होय; आणि दुसरी, महालात ठेवलेल्यांच्या कैदेला कैद म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. हे मत त्यांचे एकट्याचे असते तर मी लेखणी उचलली नसती. पण व्याख्यानांतून, शाळेच्या धड्यांतून आणि थोरामोठ्यांच्या चरित्रांतून ते इतक्या वेळा कानी पडते की, त्याचा समाचार न घेणे हा मेलेल्यांचा अपराध ठरेल.

शेवटची पुरवणी प्रथम निकालात काढतो. महालाला तारेचे कुंपण होते, पहारा होता, आणि आत असलेल्यांवर कोणताही खटला चाललेला नव्हता. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान आपली मुदत ठाऊक असते, स्थानबद्धाला तीही ठाऊक नसते. खुद्द गांधीजींनी मार्च १९४४ मध्ये सरकारला लिहिले की, एवढी मोठी वास्तू आणि एवढा पहारा म्हणजे लोकांच्या पैशाची उधळपट्टी आहे, सबब आपल्याला एखाद्या साध्या तुरुंगात हलवावे. ज्या सुखसोयीचा हवाला आज टीकाकार देतात ती सुखसोय भोगणाऱ्यानेच लेखी नाकारली होती. त्याच काळात अहमदनगरच्या किल्ल्यात असलेल्या मौलाना आझादांची पत्नी एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास वारली. तिचे अंत्यदर्शन त्यांना घडले नाही. भिंती कोणत्या दगडाच्या होत्या यावरून हे दुःख मोजता येते काय?

आता मुख्य पक्ष. हेतूने माणूस तगतो असे ज्यांना म्हणावयाचे आहे ते व्हिएन्नाचे मानसचिकित्सक व्हिक्टर फ्रांकल यांचा दाखला देतात, आणि तो देणे योग्यही आहे. जीवनाला अर्थ असला म्हणजे मनुष्य पुष्कळ सोसू शकतो हे त्यांनी छावण्यांतील स्वानुभवावरून सांगितले. परंतु त्याच पुस्तकाच्या आरंभी त्यांनी हेही नमूद केले आहे की, आमच्यातले जे सर्वोत्तम ते परत आलेच नाहीत. हे वाक्य वगळून बाकीचे पुस्तक डोक्यावर घेणे हा ग्रंथकारावरच अन्याय आहे. आणि महादेवभाईंना हेतू नव्हता असे कोण म्हणेल? १९१७ पासून गांधीजींच्या सेवेत ज्याने स्वतःला इतके विरघळवून टाकले की स्वतःचे असे काही शिल्लकच ठेवले नाही, ज्याने बेळगावच्या तुरुंगात बसून गांधीजींच्या गीतेचा इंग्रजी अनुवाद आणि त्यावरील विस्तृत प्रस्तावना सिद्ध केली, ज्याला तुरुंग नवा नव्हता आणि शिस्त तर श्वासाइतकी सहज होती, तो पुरुष सहाव्या दिवशी गेला. त्याचे हृदय थकलेले होते. संकल्प थकला नव्हता. खंबीरपणाचा सिद्धान्त खरा मानावयाचा तर महादेव देसाईंना कच्चे म्हणावे लागेल, आणि हे म्हणण्यास माझे स्नेहीही धजावणार नाहीत. मग ज्यांची नावे कोणत्याच दफ्तरात उरली नाहीत, अशा लाखो मेलेल्यांना तरी कच्चे कोणत्या न्यायाने म्हणावे?

माझे म्हणणे असे आहे की, सोसण्याची शक्ती ही एकट्या माणसाच्या ठेव्यातली वस्तू नव्हे. ती माणसामाणसांत वाटून घेतलेली असते, आणि तो वाटा ज्याला मिळत नाही तो कितीही थोर असला तरी खचू शकतो. तूरिनचे रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेवी आउश्वित्झहून जिवंत परतले. त्यांनी श्रेय आपल्या धैर्याला दिले नाही. बरेचसे दैवाला दिले, आणि उरलेले लोरेन्झो नावाच्या एका गवंड्याला, जो तेथे मजुरीसाठी आणलेला होता आणि सहा महिने रोज, काहीही मोबदला न घेता, त्यांना सूप आणून देत असे. एका गवंड्याच्या हातातले ते भांडे काढून घ्या, आणि लेवींची ग्रंथसंपदा आपल्याला वाचावयास मिळाली असती काय याचा विचार करा.

आपल्या मुलखातलाच दाखला हवा असेल तर कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. १९४०–४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने यांना घरांतून उठवून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलले होते. तेथून इराणमार्गे जे बाहेर पडले त्यांतले कितीतरी पुरुष सैन्यात गेले, आणि वळिवड्यास आल्या त्या मुख्यत्वे बायका आणि मुले. सामान्य संसारी बायाच त्या. कोणत्याही तत्त्वज्ञानाची दीक्षा त्यांनी घेतलेली नव्हती. पण बराकींत राहू लागताच त्यांनी शाळा चालविल्या, प्रार्थनामंदिर उभे केले, बालवीरांची पथके बांधली, आपल्या भाषेतली नाटके बसविली. पंचगंगेच्या खोऱ्यात, गुऱ्हाळांच्या धुरात, पोलिश व्याकरण शिकविले जात होते. मुलाला उद्याचा धडा द्यावयाचा असतो म्हणून आईला आजचा दिवस काढावा लागतो, या साध्या बंधनाचे बळ मला कोणत्याही संकल्पापेक्षा अधिक वाटते.

आगाखान महालातही वेगळे काय घडत होते? चौऱ्याहत्तरीला टेकलेल्या कस्तुरबांना गांधीजी धडे देत. तिकडे किल्ल्यात मौलाना आपल्या खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांशी मैत्री जुळवीत होते. त्याच्या कितीतरी आधी, १९२३ मध्ये, साताऱ्यात जन्मलेल्या आमच्या काका कालेलकरांनी साबरमतीच्या तुरुंगात मुंग्यांचे आणि पाखरांचे निरीक्षण करून ‘ओतराती दीवालो’ हे पुस्तक गुजरातीत लिहिले होते. (मराठी माणसाने गुजराती गद्याला घातलेला हा अलंकार सुरतेच्या मराठी घरांतून अजून पुरेसा वाचला जात नाही, याची मला खंत वाटते.) माणूस न मिळाला तर कैदी मुंगीशी नाते जोडतो, पण नाते जोडल्यावाचून राहत नाही.

येथे कोणी विचारील की, मग तुरुंग ही शाळाच नव्हे काय? नव्हे. कालेलकरांना कागद मिळाला, मौलानांना चहा मिळाला. ‘क’ वर्गाच्या कैद्याला चक्की मिळाली. १९३२ साली गुजरातचे सत्याग्रही अहमदनगर जिल्ह्यातील विसापूरच्या तात्पुरत्या तुरुंगात कोंबले गेले. त्यांतल्या बहुतेकांनी पुस्तके लिहिली नाहीत, म्हणून त्यांचे सोसणे उणे ठरत नाही. आणि ज्यांनी लिहिली त्यांच्या पुस्तकांचे श्रेय भिंतींना देणे म्हणजे वादळाने घर पाडले असता शेजाऱ्याने दिलेल्या आसऱ्याबद्दल वादळाचे आभार मानणे होय. शाळा म्हणणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे की, महालातल्या त्या वृद्ध विद्यार्थिनीचा अभ्यास २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच संपला, आणि महादेवभाईंच्या शेजारीच तिलाही अग्नी देण्यात आला.

धैर्याला मी किंमत देत नाही असा अर्थ कोणी काढू नये, धैर्य असतेच. परंतु ते कोणाच्या तरी आधाराने उभे असते, आणि तो आधार गेल्यावरही उभे राहिलेच पाहिजे अशी फिर्याद मृतांवर गुदरण्याचा अधिकार झोपाळ्यावर बसलेल्या आम्हा कोणालाही पोचत नाही.

६ मे १९४४ रोजी सकाळी गांधीजींची सुटका झाली. त्या दिवशी त्यांनी सरकारला जे पत्र लिहिले त्यात नुकसानभरपाई मागितलेली नाही, अन्यायाची कैफियतही मांडलेली नाही. दहनाची ती कुंपण घातलेली जागा, जेथे ते सर्वजण रोज दोन वेळा जाऊन फुले वाहत आणि प्रार्थना करीत, ती सरकारने संपादन करावी, आणि आप्तस्नेह्यांना तेथे जाण्यासाठी आगाखानांच्या आवारातून वाटेचा हक्क मिळावा, एवढेच त्यात आहे.