लांबचा रस्ता

कल्याणहून पुण्यास यायचे तर द्रुतगती महामार्ग हाच शहाणपणाचा रस्ता. बँकेतून निवृत्त झालो तरी सवय सुटलेली नाही. वेळ, इंधन आणि पथकर यांचा हिशेब मांडल्याशिवाय मी गाडीत बसत नाही. गेल्या भाद्रपदात मात्र तो हिशेब बाजूला ठेवावा लागला.

दाजी जाऊन तीन महिने झाले होते. ताईला कायमची पुण्यास आणण्याचे मी ठरविले होते. घर भाड्याने देण्याचा करार, सामानाची यादी, बँकखाते बंद करण्याचा अर्ज, सारे मी एका फाईलमध्ये क्रमाने लावून ठेवले होते. गाडीत बसताना ताई एवढेच म्हणाली, "माळशेजवरून जाऊ या. इतक्या लवकर नको पोहोचायला."

८०-९० किलोमीटरचा वळसा! पण माझ्या मुलाने काही न बोलता गाडी मुरबाडच्या दिशेने वळविली.

वैशाखरे मागे पडले आणि घाट सुरू झाला. पाऊस ओसरत आला होता, तरी काळ्या कातळावरून पाण्याच्या धारा उतरत होत्या. धुके एवढे दाट की भर सकाळी दिवे लावावे लागले. ताई काच खाली करून गप्प बसली होती. घाट चढून आल्यावर आम्ही जुन्नरची वाट धरली आणि घाटघरमार्गे नाणेघाट गाठला.

सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरातला माल याच घाटाने जुन्नरकडे आणि पुढे पैठणला जाई. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते. गुडघ्यांमुळे ताई तेथेच थांबली. मी लेण्यापर्यंत उतरलो. भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि हजारो कार्षापणे यांची त्यात आकड्यांसह नोंद आहे. मला तर ती दगडात कोरलेली खातेवहीच वाटली.

वर येऊन मी ताईला ते सांगितले. हा लेख सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानतात. तो तिने वैधव्यात कोरविला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. मासोपवास करणारी, घरात राहून तपस्विनीचे जीवन जगणारी, असे तिचे वर्णन त्यात येते.

ताईने रांजणावर हात ठेवला. "म्हणजे नवरा गेल्यावरही हिशेब तिनेच लिहून ठेवला. मग माझं खातं तू कशाला बंद करतोस? आणि घराची एक किल्ली माझ्यापाशी राहू दे."

मला उत्तर सुचले नाही. तीन महिने मी तिच्यासाठी झटत होतो. तिला विचारले मात्र एकदाही नव्हते. जवळच्या रस्त्याने आलो असतो तर दुपारी जेवायला घरी असतो, आणि हे बोलण्यास तिला अवसरच मिळाला नसता.

नारायणगावी दिवस मावळण्यापूर्वी डब्यातील दशम्या खाल्ल्या. पुण्यास पोहोचण्यास रात्र झाली. दुसऱ्या दिवशी फाईलमधून तो अर्ज काढून टाकला.

खाते आजही चालू आहे. गेल्या महिन्यात ताईने त्यातून कल्याणला आपल्या गल्लीतील मुलांच्या वाचनालयास देणगी दिली. पावती तिच्याच नावाची आहे.