मनूचा कायदा घरातूनही जावा



मनुस्मृतीचे नाव आपण सभेत नेहमी ऐकतो. पण हा कायदा चढला कसा आणि मोडला कसा, हे घरातल्या मुलाबाळांना सांगितले पाहिजे.

बारा अध्यायांचा हा ग्रंथ सुमारे २००० वर्षांपूर्वीचा. मौर्यांचे राज्य उलथवून पुष्यमित्र शुंग गादीवर आला. त्या प्रतिक्रांतीशी बाबासाहेबांनी या ग्रंथाचा संबंध जोडला. चांडाळाने गावाबाहेर राहावे, शूद्राने धन साठवू नये, स्त्रीने कधीच स्वतंत्र राहू नये, बायकोची कमाई नवऱ्याची, असा हा कायदा! पुढे मेधातिथी, कुल्लूक या पंडितांनी त्यावर भाष्ये लिहिली. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने हिंदूंचे वारसा-विवाहाचे तंटे शास्त्राप्रमाणे सोडवायचे ठरविले. १७९४ साली विल्यम जोन्सचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि पोथीतला मनू कंपनी सरकारच्या कोर्टात जाऊन बसला.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्याची जाहीर होळी झाली. ठराव मांडला तो जन्माने ब्राह्मण असलेल्या गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. लढा माणसांशी नव्हता, विषमतेशी होता. २६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू झाले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. हिंदू कोड बिल रखडले, म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. त्यानंतर १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीने हक्कदार झाली.

कोर्टातून मनू गेला. घरातून गेला का? वडील वारले की आपल्यातही बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. "तिचे लग्न करून दिले ना," एवढे म्हटले की संपले! तीही माहेर तुटेल या भीतीने सही करते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि कपाटात बहिणीचे हक्कसोडपत्र, हे कसे शोभते?

सही घेण्याआधी तिला कागद वाचून दाखवा, तिचा हिस्सा किती ते सांगा. राजीखुशीने सोडला तर तिची मर्जी. भिडेपोटी मात्र नको. आई-वडिलांनीही हयातीतच मुलींना त्यांचा हक्क समजावून सांगावा. महाडला बाबासाहेबांनी पेटविलेली ती होळी आपल्या उंबरठ्याच्या आतही पेटली पाहिजे.

जयभीम!