मागे आहे म्हणून माघार?

थोड्या अंतराने मागे पडलेल्या उमेदवाराला ‘पक्षहितासाठी आता बाजूला व्हा’ असा शहाजोग सल्ला देणारे पुढारी प्रत्येक देशात आणि प्रत्येक पक्षात निपजतात. हा सल्ला देणारा गृहस्थ बहुधा आघाडीवर असलेल्या उमेदवाराच्याच छावणीतला असतो, हा योगायोग आम्ही फार दिवसांपासून पाहत आलो आहोत. २००८ साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी श्री. बराक ओबामा आणि श्रीमती हिलरी क्लिंटन यांच्यात जी झुंज झाली, तिच्यात हेच घडले. २८ मार्च रोजी व्हरमाँटचे सिनेटर श्री. पॅट्रिक लेही यांनी क्लिंटनबाईंनी माघार घ्यावी असे जाहीरपणे सुचविले. लेही हे ओबामांचे समर्थक होते, हे वेगळे सांगावयास नकोच!

त्या दिवशी किती मतदारांचा कौल घ्यावयाचा राहिला होता? पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, नॉर्थ कॅरोलिना, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, ओरेगॉन, माँटाना आणि साउथ डकोटा ही आठ राज्ये, शिवाय ग्वाम आणि पोर्तो रिको हे दोन प्रदेश. एवढ्या लोकांना ‘तुम्ही घरी बसा, निकाल लागला आहे’ असे सांगण्याचा अधिकार लेहींना कोणी दिला होता? आपल्याकडे उमेदवारीची तिकिटे बंद दाराआड वाटली जातात आणि मतदाराला त्याचा पत्ता दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून लागतो. अमेरिकेत निदान हा हक्क पक्षाच्या सामान्य मतदाराकडे आला आहे. तो अर्ध्या राज्यांनी वापरावयाचा आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवावयाच्या, हा कोठला न्याय?

आता या लढतीची घडण पाहा. डेमोक्रॅटिक पक्षात राज्य जिंकणाऱ्याला तेथील सगळे प्रतिनिधी मिळत नाहीत. पंधरा टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की मतांच्या प्रमाणात वाटणी होते. त्यामुळे आघाडीवरच्याला मागच्याला झटकून टाकता येत नाही आणि मागच्याला आघाडी गाठता येत नाही. ५ फेब्रुवारीनंतर त्या महिन्यातील प्रत्येक लढत ओबामांनी जिंकली, आणि तेवढ्या शिदोरीवर ते अखेरपर्यंत पुढे राहिले. क्लिंटनबाईंनी ४ मार्च रोजी ओहायो जिंकले, २२ एप्रिलला पेनसिल्व्हेनिया नऊ टक्क्यांनी जिंकले, १३ मे रोजी वेस्ट व्हर्जिनिया तर चाळीस टक्क्यांहून अधिक फरकाने जिंकले. तरी अंतर मिटेना. टेक्सासमध्ये तर प्राथमिक मतदानात त्या जिंकल्या, पण रात्रीच्या सभांतील कौल मिळवून एकंदर प्रतिनिधी ओबामांनाच जास्त मिळाले. जिंकूनही हरणे म्हणतात ते हेच. पण याची दुसरी बाजूही आहे. निवडून आलेल्या प्रतिनिधींत ओबामांची आघाडी अखेरीस सुमारे सव्वाशेची होती, आणि केवळ त्यांच्या बळावर बहुमताचा आकडा दोघांपैकी कोणालाच गाठता येत नव्हता. निर्णय पक्षाच्या आठशेच्या आसपास पदसिद्ध प्रतिनिधींवर अडला होता. दोघांनाही प्रत्येकी पावणेदोन कोटींच्या घरात मते होती. अशा लढतीत मागे असणे म्हणजे पराभूत होणे नव्हे.

पक्षात फूट पडते, ही माघारवाद्यांची मुख्य ओरड होती. या लांबलेल्या लढतीपायी मे महिन्यात इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलिना येथे दोन्ही उमेदवारांना गावोगाव हिंडावे लागले. इंडियानाने १९६४ नंतर आणि नॉर्थ कॅरोलिनाने १९७६ नंतर डेमोक्रॅटिक उमेदवाराला मते दिली नव्हती. त्या नोव्हेंबरात ओबामांनी दोन्ही राज्ये जिंकली! सारे श्रेय वसंतातल्या झुंजीला देण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण त्या झुंजीने पक्ष मोडला नाही, हे तर उघड आहे.

१९७६ सालचा रिपब्लिकन पक्षाचा दाखलाही बोलका आहे. रोनाल्ड रेगन आरंभीच्या लढती अध्यक्ष फोर्ड यांच्याकडून एकामागून एक हरले, ‘आता पुरे करा’ असे त्यांना चहूकडून ऐकविले गेले. २३ मार्चला नॉर्थ कॅरोलिना त्यांनी जिंकले आणि थेट कॅन्सास सिटीच्या अधिवेशनापर्यंत धडक मारली. तेथे फोर्ड यांना ११८७ आणि रेगन यांना १०७० मते पडली. फोर्ड नोव्हेंबरात हरले, हे खरे. पण चार वर्षांनी अध्यक्ष झाला तो हाच ‘हट्टी’ रेगन.

मात्र लढण्याचा हक्क म्हणजे वाटेल तसे लढण्याचा परवाना नव्हे. येथे आम्हाला क्लिंटनबाईंना दोष द्यावा लागतो. मिशिगन व फ्लोरिडा यांनी नियम मोडून आपले मतदान आधी उरकले, म्हणून पक्षाने त्यांना शिक्षा केली. तेथे प्रचार करणार नाही, अशी प्रतिज्ञा इतरांप्रमाणे बाईंनीही केली होती. मागे पडल्यावर मात्र त्याच मतांची मोजणी त्या मागू लागल्या. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचे नावसुद्धा नव्हते! ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना अर्धे मत देऊन वाद मिटविला. त्याच सुमारास, लढती जूनपर्यंत चालतात याचा दाखला म्हणून त्यांनी १९६८ च्या जूनमधील रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येची आठवण काढली आणि मग खेद व्यक्त करण्याची पाळी त्यांच्यावर आली. शेवटच्या मतदारासाठी थांबणे वेगळे, आणि खेळ संपत आला असता नियमच बदला म्हणणे वेगळे.

हा भेद एडवर्ड केनेडी यांनाही १९८० साली कळला नाही. ते अध्यक्ष कार्टर यांच्याहून शेकडो प्रतिनिधींनी मागे होते, मतदान संपले होते. तरी प्रतिनिधींना त्यांच्या बांधिलकीतून मोकळे करा, या मागणीसाठी त्यांनी न्यूयॉर्कच्या अधिवेशनापर्यंत हट्ट चालविला. अधिवेशनाने ती मागणी फेटाळली. शेवटच्या रात्री कार्टरसमवेत हात उंचावून उभे राहणेही त्यांनी टाळले. नोव्हेंबरात कार्टर हरले. त्याची कारणे पुष्कळ होती, महागाई आणि इराणमधले ओलीस ही त्यांतली मोठी. पण ते चित्र घरोघरी पाहिले गेले, तेही पक्षाला भोवलेच.

क्लिंटनबाईंनी ती चूक केली नाही. ३ जूनला शेवटची मतदाने झाली. साउथ डकोटाने बाईंना कौल दिला, माँटानाने ओबामांना. आणि त्याच रात्री ओबामांनी २११८ हा बहुमताचा आकडा ओलांडला. चारच दिवसांनी, ७ जूनला, बाईंनी वॉशिंग्टनमध्ये आपली मोहीम थांबवून ओबामांना पाठिंबा जाहीर केला. २७ ऑगस्टला डेनव्हरच्या अधिवेशनात राज्यवार मतमोजणी चालू असता न्यूयॉर्कची पाळी आली, तेव्हा त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि पुढची मोजणी थांबवून ओबामांची निवड एकमुखाने करावी, असा ठराव त्यांनीच मांडला.