न्यायासनाची मुदत

सर्वोच्च न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायाधिकरण सुधारणा कायदा, २०२१ मधील सदस्यांच्या नेमणुकीविषयीच्या आणि मुदतीविषयीच्या कळीच्या तरतुदी रद्द केल्या. अमरावतीचे सुपुत्र भूषण गवई यांनी सरन्यायाधीशपदाच्या अखेरच्या आठवड्यात दिलेला हा निकाल महाराष्ट्रातील लाखो सरकारी कर्मचाऱ्यांच्या हिताचा आहे.

राज्यात १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, काम करते. मुदतीआधी बदली झालेला पोलीस निरीक्षक, पदोन्नतीत डावलली गेलेली नायब तहसीलदार, निवृत्तिवेतन अडकलेला कारकून यांना दाद मागायला प्रथम मॅटकडेच जावे लागते. तिथे प्रतिवादी असते ते राज्य सरकार. म्हणून तिथल्या सदस्याची खुर्ची किती वर्षांची, हा प्रश्न थेट या माणसांच्या भाकरीशी जोडलेला आहे.

केंद्राच्या २०१७च्या नियमांनी न्यायाधिकरणांतील सदस्यांची मुदत तीन वर्षांवर आणली. २०१९ मध्ये न्यायालयाने ते नियम रद्द केले. २०२०च्या नियमांत केंद्र सरकारने चार वर्षे लिहिली, न्यायालयाने पाच करायला सांगितली. पुढच्या वर्षी अध्यादेशात पुन्हा चारच आली. तीही न्यायालयाने रद्द केली, तेव्हा महिन्याभरात संसदेने कायदा करून चारच कायम ठेवली. जोडीला किमान वय पन्नास. चाळिशीतल्या कर्तबगार वकिलाला त्यामुळे दार बंद झाले. आणि पन्नाशीतला वकील तरी चार वर्षांसाठी जम बसलेली वकिली का सोडेल? जे येतात त्यांचीही कामाची घडी बसेपर्यंत मुदत सरते आणि फेरनेमणुकीसाठी सरकारकडे पाहावे लागते.

आपल्या राज्याच्या २००५च्या बदली कायद्याने अधिकाऱ्याला एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ दिला. उद्या कुठे फेकले जाऊ, या भीतीने त्याने वाकू नये, हेच या कायद्याचे मर्म. मॅटसमोर या कायद्याचा आधार कर्मचारी सतत घेतात. मग निकाल देणाऱ्यालाच तशी निर्भयता का नसावी?

आताच्या निकालाने पाच वर्षे ही किमान मुदत झाली. तेवढ्याने भागणार नाही. न्यायालयाने चार महिन्यांत राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग स्थापन करण्यास सांगितले. तो मंत्रालयांच्या छायेबाहेर असावा, त्यात न्यायाधीशांचा शब्द अखेरचा असावा आणि फेरनेमणुकीचा निर्णय त्याच्याकडेच असावा. जागा रिकामी होण्याआधी नवा सदस्य ठरलेला असावा. संसदेने आता तीच चार वर्षे नव्या कायद्यात घालून परत आणू नयेत. निकाल देणाऱ्याचे भवितव्य पक्षकाराच्या हाती राहता कामा नये.